जलपर्णी, तळीं आणि आपल्या होड्या

ज्या वस्तूचें रूप मनोहर असतें ती उपकारकहि असलीच पाहिजे, असा आपला पुष्कळदां भोळा समज असतो. जलपर्णीचें फूल ज्यानें प्रथमच पाहिलें त्याचा तर असा समज हटकून होतो. फिकट जांभळ्या रंगाच्या सहा पाकळ्या, त्यांतील वरच्या पाकळीवर मोरपिसांतील डोळ्यासारखा पिवळा ठिपका, आणि खालीं तकतकीत हिरव्या पानांचा गालिचा! असा देखावा ज्या तळ्यावर दिसतो तें तळें मात्र त्या वेळीं गुदमरत असतें. ही वनस्पति आपल्याकडे कोठून आली, ती एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत कशी जाते, आणि तिच्यासारख्या परक्या जीवांचा फैलाव थांबविण्यासाठीं कांहीं देशांनीं तळ्यांवरील होड्यांनाच कां अडविलें, याची माहिती या लेखांत देण्याचा विचार आहे. विषय दूरच्या सरोवरांचा वाटेल. परंतु आपला घनसावंगी तालुका गोदावरीच्या कांठचा आहे, तेव्हां तो आपल्या दारांतलाच म्हटला पाहिजे.

जलपर्णीस कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात व नाशिककडे पाणवेली. ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतली. तेथें तिचीं पानें कुरतडणारे किडे आहेत, तिच्यावर पडणारे रोग आहेत. त्यामुळें ती आपल्या मर्यादेंत राहते. एकोणिसाव्या शतकांत फुलांच्या हौसेपायीं लोकांनीं ती बागेंतील हौदांत लावण्यासाठीं देशोदेशीं नेली; किडे व रोग मात्र मायदेशींच राहिले. त्या शतकाच्या अखेरीस ती बंगाल्यांत पोंचली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तेथील नद्या, नाले व भाताचीं शेतें तिनें अशीं व्यापलीं कीं, होड्यांस वाट मिळेना व कोळ्यांस जाळें टाकतां येईना. ब्रह्मदेशांत १९१७ सालीं व बंगाल्यांत १९३६ सालीं तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदे करण्यांत आले. १९३७ च्या बंगाल प्रांताच्या निवडणुकींत तर जलपर्णीचें उच्चाटन हा मतें मागण्याचा एक विषय होऊन बसला होता. एका फुलझाडासाठीं कायदेमंडळास खपावें लागावें, यावरूनच तिच्या पराक्रमाची कल्पना येईल.

येथें एक गैरसमज आधींच दूर केलेला बरा. परदेशांतून आलेला प्रत्येक जीव घातकच असतो असें नाहीं. आपल्या ठेच्यांतली मिरची, बटाटा, भुईमूग हीं सर्व अमेरिकेंतून आलेलीं आहेत. आणि ज्या ज्वारीच्या भाकरीवर मराठवाडा जगला ती ज्वारीहि मूळची आफ्रिकेची. हे पाहुणे आपल्या घरांत मिसळून गेले, कारण त्यांची वाढ आपल्या नांगराच्या व विळ्याच्या ताब्यांत राहिली. जो पाहुणा घरधन्यालाच बाहेर काढतो तो निराळा. १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आलेलें गाजर गवत आज बांधाबांधावर आहे. तळ्यांच्या कांठीं माजणारें बेशरम हें झुडूपहि अमेरिकेंतलेंच. (त्याचें हें नांव ज्या कोणी शेतकऱ्यानें ठेविलें असेल त्याच्या निरीक्षणास दाद दिली पाहिजे, तोडून फेंकलेली फांदीसुद्धां ओलींत पडली कीं तेथेंच रुजते.) जलपर्णी ही या दुसऱ्या वर्गांतली आहे.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. पानाचा देंठ मध्येंच फुगलेला असतो व आंतून स्पंजासारखा असतो. त्यांत हवा भरलेली असल्यामुळें झाड बुडत नाहीं. मुळें जमिनींत रोवलेलीं नसून पाण्यांत दाढीसारखीं लोंबत असतात. झाडाच्या बुडापासून आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोंकाला नवें रोप तयार होतें, आणि धुमारा तुटला कीं तें रोप स्वतंत्र होऊन वाऱ्याबरोबर निघून जातें. पाणी उबदार व गांवच्या सांडपाण्यानें पुष्ट झालेलें असलें म्हणजे सुमारें दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होऊं शकते. आतां पुढचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतःच करून पाहावा. एका रोपापासून आरंभ करून दर दोन आठवड्यांनीं संख्या दुप्पट केल्यास वीस आठवड्यांनीं १,०२४ रोपें होतात, आणि चाळीस आठवड्यांनीं १०,४८,५७६. तळ्यांत हा हिशेब तंतोतंत उतरत नाहीं. जागा अपुरी पडते, थंडींत वाढ मंदावते. तथापि त्यांतील मर्म खरें आहे. पहिल्या वीस आठवड्यांत कोणाचें लक्षहि जात नाहीं, कारण हजार रोपें म्हणजे मोठ्या तळ्याच्या एका कोंपऱ्यांतला हिरवा डाग. लक्ष जातें तेव्हां काम चार माणसांच्या हातचें राहिलेलें नसतें.

हा हिरवा थर एकसंध झाला म्हणजे सूर्यप्रकाश पाण्यांत शिरत नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ व इतर वनस्पति प्रकाशावांचून प्राणवायु तयार करूं शकत नाहींत. पृष्ठभागाला वारा लागत नसल्यामुळें हवेंतला प्राणवायुहि पाण्यांत पुरेसा मिसळत नाहीं. आणि खालीं कुजणारीं पानें उरलासुरला प्राणवायु संपवितात. मग मासे पहांटेच्या वेळीं तोंडें वर काढूं लागतात, व पुढें कांहीं दिवसांनीं उलटे होऊन तरंगूं लागतात. थराच्या आडोशाला डांसांची पैदास होते. शिवाय फुलोऱ्यांतून ज्या बिया पडतात त्या तळच्या चिखलांत पंधरा-वीस वर्षें जिवंत राहूं शकतात. म्हणजे वरचें झाड उपसून काढलें तरी गाळांत पुढच्या पिढीची पेरणी होऊन राहिलेली असते. या बियांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ही वनस्पति एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जाते कशी? याचे मार्ग दोन आहेत, आणि त्यांतील भेद ज्याच्या ध्यानांत आला त्यास होडीबंदीचा विषय निम्मा समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पहिला मार्ग प्रवाहाचा. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली पुराबरोबर गोदावरींतून खालीं येतात, सायखेड्याच्या पुलास अडकून बसतात, आणि पुढें नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जातात. त्या बंधाऱ्याच्या खालीं पैठणचा नाथसागर आहे. ज्या जायकवाडी धरणानें हा जलाशय झाला त्याची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं तें राष्ट्रास अर्पण करण्यांत आलें. त्याच्याहि खालीं, आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी येथील बंधारे आहेत. ही सर्व एकाच नदीची माळ आहे. वरच्या मण्यांत जें शिरलें तें आज ना उद्यां खालच्या मण्यांत उतरावयाचेंच. तेथें होड्या अडवून फारसें कांहीं निष्पन्न होणार नाहीं. तेथें उपाय आहे तो वरच्या शहरांचें सांडपाणी शुद्ध करूनच नदींत सोडण्याचा, व रोपें थोडीं आहेत तोंवरच तीं काढून टाकण्याचा. नदीवरच्या गरीब नावाड्यास दोष देऊन शहराच्या गटारांकडे जो डोळेझांक करील त्याचें म्हणणें आम्हांस पटणार नाहीं.

दुसरा मार्ग जमिनीवरचा. गोदावरी दक्षिणेस आणि दुधनेचें खोरें उत्तरेस. या दोहोंमधल्या उंचवट्यावर पाझर तलाव, साठवण तलाव व शेततळीं विखुरलेलीं आहेत. पैठणच्या डाव्या कालव्याच्या वरच्या अंगास जीं तळीं आहेत त्यांत गोदावरीचें पाणी कधींच चढून जात नाहीं. पाणी आपल्या उतारानें जातें. टेंकडी तें ओलांडीत नाहीं. जलपर्णीलाहि पाय नाहींत. पाणपक्ष्यांच्या पायांस चिकटलेल्या चिखलाबरोबर एखादी बी जात असेल. परंतु पक्ष्यांना नियम सांगतां येत नाहींत. उरतों आपण. एका पाण्यांत फिरलेली होडी मालमोटारींत घालून दुसऱ्या पाण्यांत सोडली कीं जी टेंकडी नदीला ओलांडतां आली नाहीं ती जलपर्णीनें ओलांडली. होडीच्या कांठाला अडकलेलें रोप, तळाशीं सांचलेलें ओंजळभर पाणी, यंत्राच्या पंख्याला गुंडाळलेल्या मुळ्या, नांगराच्या दोरीचा चिखल, ओल्या जाळ्याची गुंडाळी, ह्या सर्व परक्या जीवांच्या पालख्याच होत.

होडी हें वाहन केवढें परिणामकारक आहे याचें एक जुनें उदाहरण नील नदीचें. १९५८ सालीं सुदान देशांत श्वेत नील नदींत जलपर्णी आढळली. प्रवाहाबरोबर ती खालीं आली असती तर नवल नव्हतें. पण आगबोटींना अडकून ती प्रवाहाच्या उलट दिशेनेंहि प्रवास करूं लागली. तेव्हां खार्टूमच्या वरच्या अंगास असलेलें जेबेल औलिया येथील धरण ही तेथील सरकारनें सरहद्द ठरविली, आणि खालीं जाणाऱ्या बोटी तपासूनच सोडण्याची व्यवस्था केली.

परंतु या प्रकरणांतला खरा धडा जगाला शिकविला तो वनस्पतीनें नव्हे, तर नखाएवढ्या एका शिंपल्यानें. काळ्या व कास्पियन समुद्रांच्या परिसरांतला हा पट्टेरी शिंपला. अंगावरील पट्ट्यांमुळें त्यास झेब्रा शिंपला म्हणतात. मोठीं जहाजें तोल सांभाळण्यासाठीं पोटांत पाणी भरून घेतात व दुसऱ्या बंदरांत तें ओतून देतात. अशा पाण्यांतून तो अटलांटिक महासागर ओलांडून गेला, व १९८८ सालीं अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरांत सांपडला. त्याचीं पिलें डोळ्यांना दिसत नाहींत, पाण्यांत तरंगतात; मोठा झाला म्हणजे तो चिवट तंतूंनीं खडकाला, नळाला, होडीच्या तळाला घट्ट चिकटतो. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८९ सालीं, मिशिगन संस्थानांतील मनरो या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांत हे शिंपले इतके दाटले कीं शहराचें पाणीच तुटलें.

हीं मोठीं सरोवरें एकमेकांस जोडलेलीं आहेत. तेव्हां तेथवर शिंपला पसरला यांत होड्यांचा दोष किती व पाण्याचा किती, हा वाद घालतां येईल. मात्र २००७ च्या जानेवारींत याच शिंपल्याचा एक भाऊबंद, ज्यास क्वागा म्हणतात तो, नेवाडा व ॲरिझोना यांच्या सीमेवरील मीड सरोवरांत सांपडला, आणि वाद संपला. हें सरोवर मोठ्या सरोवरांपासून दीड हजार मैलांहून दूर आहे, आणि मध्यें वाळवंटें व रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. इतकी वाट शिंपला चालत आला नाहीं. हौशी लोक मोटारीच्या मागें गाडीवर होडी ठेवून ती ओढीत नेतात. अशा एखाद्या होडीला चिकटून अथवा तिच्या तळच्या पाण्यांतून तो आला, असाच निष्कर्ष निघाला. दुसऱ्याच वर्षीं, २००८ सालीं, कॅलिफोर्नियाच्या सीमेवरील टाहो या अत्यंत निर्मळ सरोवरावर प्रत्येक यांत्रिक होडीची तपासणी सक्तीची झाली. न्यूयॉर्क संस्थानांतील जॉर्ज सरोवरानें २०१४ पासून तोच नियम केला. होडी स्वच्छ, कोरडी व आंतलें पाणी काढलेली नसेल तर तिला पाण्यांत उतरूं देत नाहींत. जरूर तर ती कढत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुतात.

याहून कडक उपाय न्यूझीलंडनें योजला. तेथें २०२३ सालीं वैकाटो नदींत पूर्व आशियांतला एक लहान सोनेरी शिंपला सांपडला. ही बातमी येतांच रोटोरुआ भागांतील ओकाटैना या सरोवराविषयीं तेथील माओरी मंडळींना काळजी उत्पन्न झाली. तें सरोवर अद्याप शुद्ध होतें. त्यांनीं आग्रह धरला, आणि सरकारी हुकुमानें बाहेरच्या होड्यांस त्या सरोवराचीं दारें बंद झालीं. रोग आल्यानंतर औषध शोधणें निराळें. रोग शेजारच्या गांवीं आहे तोंच आपली वेस बंद करणें निराळें. ओकाटैनाचें उदाहरण दुसऱ्या प्रकारचें आहे, आणि आम्हांस तें सर्वांत अधिक मोलाचें वाटतें.

आपल्या देशालाहि हा अनुभव नवा नाहीं. मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९६७ सालीं विशाखापट्टणम बंदरांत आढळला, पुढें मुंबईच्या गोदींतहि दिसला, व येथें कायमचा रहिवासी झाला. नेमका हाच शिंपला १९९९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डार्विन शहरीं होड्यांच्या गोदींत सांपडला. तेथें भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्यामुळें या गोद्यांना दरवाजे होते. अधिकाऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले, एकहि होडी बाहेर जाऊं दिली नाहीं, आधींच निघून गेलेल्या होड्यांचा माग काढला, आणि गोदींतील पाण्यांत विरंजक द्रव्य व मोरचूद ओतून शिंपला समूळ नाहींसा केला. त्या पाण्यांतले बाकीचे जीवहि त्याबरोबर मेले, ही किंमत थोडी नव्हे. पण एकच प्राणी एका देशांत पक्का झाला व दुसऱ्या देशांतून निघाला. दरवाजा वेळेवर लागला कीं नाहीं, एवढाच काय तो फरक. केरळांत कोल्लमजवळ अष्टमुडी नांवाचें खाऱ्या पाण्याचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्यांत अलीकडच्या वर्षांत दक्षिण अमेरिकेंतला आणखी एक शिंपला एवढा माजला कीं खाण्याचा जुना देशी शिंपला मागें हटला. तेथील कोळी त्या नव्या शिंपल्यास ‘वरत्तन कक्का’ म्हणतात. म्हणजे परका शिंपला. जहाजांच्या तळाला चिकटून तो आला असावा असें शास्त्रज्ञ मानतात.

एवढें वाचल्यावर एखाद्या उत्साही वाचकास वाटेल कीं, उद्यांपासून सर्व तळ्यांवरील सर्व होड्या बंद कराव्या. असा सरसकट हुकूम काढणें सोपें आहे. परंतु तो न्यायाचाहि होणार नाहीं व उपयोगाचाहि होणार नाहीं. आपल्याकडे पाण्यावर कोण कोण जातें तें पाहूं. गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्हा आहे. पलीकडच्या शेताला, सोयऱ्याच्या घरीं, बाजाराला जाणारीं माणसें चप्पूंत बसून नदी उतरतात. त्यांचा चप्पू एकाच पाण्यावर जन्म काढतो. तो बंद करून जलपर्णीचें कांहींच बिघडणार नाहीं, माणसांचें मात्र बिघडेल. दुसरे भोई. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्यानें घेतात, त्यांत मत्स्यबीज सोडतात, व हंगामांत मासे काढतात. एकाच संस्थेचे सभासद आज बंधाऱ्यावर व उद्यां आडरानांतल्या तलावावर काम करतात, आणि होडी, ट्यूब व जाळीं त्यांच्याबरोबर हिंडतात. येथें धोका खरा आहे. पण त्यांचा घास काढून घेणें हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रत्येक तलावाची होडी त्याच तलावावर राहावी, निदान जाळीं दोन संच असावींत, आणि त्या दुसऱ्या संचाच्या खर्चांत ठेका देणाऱ्या खात्यानें वांटा उचलावा, हें आम्हांस अधिक वाजवी दिसतें. एका जाळ्याची किंमत आणि पुढें तलाव साफ करण्यासाठीं लागणारीं यंत्रें, मजूर व वर्षें, यांची तुलना करणारास हा खर्च जड वाटूं नये.

तिसरे वाळू उपसणारे. यंत्रानें वाळू ओढणाऱ्या त्यांच्या बोटी कोणत्या नदींतून काढून कोणत्या नदींत सोडल्या जातात, याचा पत्ता कोणास लागत नाहीं. पुष्कळांना परवानाच नसतो. चिखल, पाणी व दोऱ्या यांसकट इतकी घाणेरडी होडी दुसरी नसेल. त्यांच्यावर बंदी असावी याला इतरहि कारणें आहेत. हें एक आणखी. आणि चौथे हौशी प्रवासी. महाराष्ट्रांतील जलाशयांवर जलक्रीडेची आवड वाढत आहे. कोयनेच्या शिवसागरांत मुनावळे येथें २०२४ सालीं जलक्रीडा केंद्र सुरू झालें. अशा केंद्रांच्या होड्या त्यांच्याच जलाशयांत राहतील तर चिंता थोडी. परंतु हौसेची होडी आज येथें तर सुटींत तेथें, अशी फिरूं लागली कीं अमेरिकेंत जें झालें तें येथें होण्यास पर्वतहि आड येणार नाहींत. या वर्गाला थांबविण्यांत कोणाची चूल विझत नाहीं. म्हणून निर्बंध प्रथम व सर्वांत कडक याच वर्गावर असावा.

सारांश काढावयाचा म्हणून नव्हे, तर नियम बनविणारांच्या सोयीसाठीं म्हणून सांगतों: बंदी होडीवर नसून होडीच्या स्थलांतरावर असावी. जेथें पाणी पाण्याला जोडलेलें आहे तेथें होडी अडविणें व्यर्थ. जेथें जमीन आडवी आहे तेथें तीच एक गोष्ट अडविण्यासारखी आहे.

होडी एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर न्यावीच लागली तर काय करावें? येथें मघांच्या बियांचें काम पडतें. परदेशांतील शिंपल्यांच्या बाबतींत होडी कांहीं दिवस कडकडीत वाळविली म्हणजे बहुतेक काम भागतें. आणि उन्हाच्या बाबतींत मराठवाड्यानें कोणापुढें हात पसरण्याचें कारण नाहीं. वैशाखांत आपल्या अंगणांत पालथी घातलेली होडी चार-पांच दिवसांत चुलींतल्या लांकडासारखी होते. जलपर्णीचें रोपहि त्या उन्हांत मरतें. पण तिची बी चिखलांत वाळली तरी मरत नाहीं. म्हणून नुसतें वाळविणें पुरेसें नाहीं. ज्या तळ्यांतून होडी काढली त्याच तळ्याच्या कांठावर तिचा चिखल खरवडून व धुवून काढला पाहिजे, तोहि असा कीं धुणावळ त्याच तळ्यांत परत जाईल. आंतलें पाणी तेथेंच ओतलें पाहिजे. जाळें झाडून त्यांतील मुळ्या व पानें वेंचलीं पाहिजेत. आणि मगच सर्व उन्हांत घालावें. दुसऱ्या तळ्यावर पोंचल्यावर धुणें म्हणजे चोराला घरांत आणून मग त्याची झडती घेणें होय. हीच काळजी नाथसागराचें पाणी ओसरल्यावर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांनींहि घ्यावी हें बरें. ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला गाळ होडीच्या तळच्या गाळाहून निराळा नसतो.

होडी अडविली म्हणजे सर्व परके जीव अडले असें मात्र कोणी समजूं नये. ज्या चिलापी माशानें आपल्या जलाशयांतील देशी माशांची जागा बळकावली तो १९५२ सालीं मुद्दाम भारतांत आणलेला आहे. आफ्रिकन मांगूर हा दुसरा तसाच. केंद्र सरकारनें २००० सालीं त्याच्या पैदाशीस बंदी केली, तरी चोरून त्याचीं तळीं भरलीं जातात, आणि पावसाळ्यांत असें तळें फुटलें कीं तो नदींत जातो. हे मासे होडींतून आले नाहींत. मत्स्यबीजाच्या पिंपांतून व माणसाच्या लोभांतून आले. घरांतील कांचेच्या पेटींतले शोभेचे मासे कंटाळा आल्यावर नदींत ‘सोडून पुण्य’ मिळविणारेहि यांतच मोडतात.

जेथें जलपर्णी आधींच बसली आहे तेथें तिचे जुने वैरी बोलावण्याचा प्रयोगहि झालेला आहे. तिच्या मायदेशांतले दोन प्रकारचे सोंडकिडे १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भारतांत आणून बंगळूरच्या तलावांत सोडण्यांत आले, व तेथें त्यांनीं चांगलें काम केलें. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरांत १९९५ पासून हेच किडे सोडल्यावर कांहीं वर्षांत जलपर्णीचे अफाट थर बसले. पण ती तेथून समूळ गेली नाहीं, पुन्हां पुन्हां डोकें वर काढते. किडे तिला खातात, बियांना खात नाहींत. जें तळें अद्याप तिच्यापासून मोकळें आहे त्याची राखण करणें म्हणूनच अधिक सोपें.

आपल्या गांवच्या तळ्याची अशी राखण विद्यार्थी सहज करूं शकतील; मात्र काय शोधावयाचें तें ठाऊक असलें पाहिजे. मोठें झाड कोणीहि ओळखील. बियांपासून उगवलेलें पहिलें रोप मात्र त्याच्यासारखें मुळींच दिसत नाहीं. उन्हाळ्यांत पाणी मागें सरून कांठचा चिखल उघडा पडतो, त्या ओल्या चिखलांत तें उगवतें. त्याचीं पहिलीं पानें लांबट व पट्टीसारखीं असतात, फुगीर देंठ नसतो, आणि पाहणारास तें एखादें साधें पाणगवत वाटतें. पुढें गोल पान व फुगा दिसूं लागतो, आणि पाणी चढलें कीं रोप उचललें जाऊन तरंगूं लागतें. चिखलांत आहे तोंवर तें दोन बोटांनीं उपटतां येतें. उपटलेलें रोप पाण्यापासून दूर नेऊन वाळवावें व जाळावें, आणि तें ज्या जागीं सांपडलें ती जागा शिक्षकांस, ग्रामपंचायतीस अथवा जलसंपदा खात्याच्या जवळच्या कचेरीस दाखवून ठेवावी. कारण एक बी जेथें उगवली तेथें त्याच चिखलांत तिच्या बहिणी असतात, आणि त्या पुढच्या उन्हाळ्यांत, कदाचित् त्याच्याहि पुढच्या उन्हाळ्यांत, वर येतात.